आधीची अंघोळ दुसऱ्यांसाठी

वन्सं गेल्याचं मला शाळेत कळलं. सहावीच्या मुलींना अपूर्णांक शिकवत होते. दारात आमचे हे येऊन उभे राहिले, डोक्यावर टोपी नव्हती. टोपी न घालता ते रस्त्यावर आलेले मी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे त्यांनी काही सांगायची गरज उरली नाही. मी मुलींना उरलेली उदाहरणं वहीत सोडवायला लावली, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. वाटेत हे एवढंच म्हणाले, “चहा मागितलान्. प्यायली. कप खाली ठेवलान् आणि…” पुढचं वाक्य त्यांनी अजून पुरं केलेलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ‘मनमिळाऊ स्वभावाच्या समाजसेविका डॉ. मालती खांबेटे’ असं छापलं होतं. लिहिणाऱ्यानं त्यांना पाहिलेलं नसावं. मनमिळाऊ त्या नव्हत्या. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत त्यांच्याशी बोलायची घरात कुणाची छाती होत नसे आणि चहा झाल्यावर बोलत बसायला त्यांना वेळ नसे. समाजसेविका म्हटलेलंही त्यांना खपलं नसतं. आपण डॉक्टर आहोत, तेवढं पुरेसं आहे, असं त्या म्हणत. समाचाराला आलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मात्र त्यांचं आडनावही ठाऊक नव्हतं. ‘तलाववाल्या डॉक्टरबाई गेल्या म्हणे’ असं विचारत लोक घर शोधत आले. घाटकोपरहून आले, अंधेरीहून आले, पार बोरिवलीहून दोन बायका तान्ही मुलं कडेवर घेऊन आल्या. त्यांना त्या तलावाची हकीकत ठाऊक होती, पण अर्धीमुर्धी आणि बरीच चुकीची. ती नीट सांगावी म्हणून हे लिहायला बसले आहे.

मालतीवन्सं माझ्या यजमानांच्या धाकट्या बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही; आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरात सुखानं राहिलो त्याचं तेही एक कारण असेल. मुलुंडला आमच्या घराची पुढची खोली त्यांचा दवाखाना. तिला रस्त्याच्या बाजूनं वेगळं दार. आतल्या दारानं त्या जेवायला येत आणि जेवण झालं की त्याच दारानं परत जात. मला त्या ‘वहिनी’ म्हणत आणि कामाला लावत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे शनिवार-रविवार मला काही काम नसतं अशी त्यांची ठाम समजूत होती.

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याला दगडाच्या खाणी आहेत. दगड काढून संपला की खाण तशीच सोडून देतात आणि तिच्यात पावसाचं पाणी साठतं. वरून पाहिलं तर हिरवं, गार, सुंदर दिसतं. काठ मात्र भिंतीसारखे सरळ, आत उतरलं की पाय टेकायला जागा नाही. मे महिन्यात चाळींतली सगळी मुलं तिथंच. एका वर्षी अशाच दुपारच्या वेळी चार माणसं एका फळीवरून शेवंताबाईचा थोरला मुलगा दवाखान्यात घेऊन आली. शेवंताबाईचा नवरा पूर्वी परळला गिरणीत होता, नंतर इकडे एका कारखान्यात लागला. मालवणकडचं कुटुंब, आमच्या मागच्या चाळीत राहणारं. मुलगा गेलेलाच होता. तरी वन्सं बराच वेळ त्याच्या छातीवर हात दाबत राहिल्या. मग उठल्या, हात धुतले.

चार-आठ दिवसांनी शेवंताबाई धाकट्याला ताप आला म्हणून घेऊन आली. वन्संना तापाच्या मुलापेक्षा मेलेला मुलगाच दिसत असावा. त्या एकदम कडाडल्या, “पोरांना त्या खाणीवर सोडता कशा गं तुम्ही? डोळे मिटून असता का?” मी आतल्या दारात उभी होते. मला वाटलं, आता ही बाई रडेल. ती रडली नाही. धाकट्याला मांडीवर सरळ करत म्हणाली, “पोरांक पाण्यापासून अडवतलंव कसा, बाय? गावाक व्हाळ होतो, हंय खाण आसा.”

गावी ओढा होता तशी इथं खाण, एवढंच तिचं म्हणणं. वन्संनी औषध दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि त्या रात्री जेवताना यांना म्हणाल्या, “दादा, मुलुंडला पोहायचा तलाव पाहिजे.”

“अगं, प्यायला पाणी पुरत नाही.”

“पाणी विहिरीचं घेऊ. मी विचारून आलेय.”

त्या खरोखरच विचारून आल्या होत्या. एका शेठजींची जुनी वाडी होती, तिच्यात भरपूर पाण्याची विहीर होती आणि शेठजींच्या दम्यावर वन्संचं औषध चालू होतं. वाडीचा एक कोपरा मिळाला. मग समिती झाली. निवृत्त मामलेदार रावसाहेब अध्यक्ष झाले, आमचे हे चिटणीस. मुलुंड तेव्हा मुंबईत सामील झालेलं नव्हतं, गाव लहान होतं, चार शहाणी माणसं एकत्र बसली की काम होत असे… आणि पाचवं शहाणं माणूस आलं की थांबत असे. दोन उन्हाळे त्यात गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात तलाव उभा राहिला. सकाळी सभासद मंडळी, म्हणजे आमच्यासारख्या घरांतले ऑफिसला जाणारे पुरुष, दुपारी बायका, संध्याकाळी चाळींतली मुलं, फुकट. फुकटचं कलम वन्संनी घालून घेतलं होतं. ते घालताना बरीच वादावादी झाली, पण तलाव ज्या कारणासाठी बांधला ते सगळ्यांना आठवत होतं.

उद्घाटनाला पाच सुवासिनींनी तलावाची ओटी भरली, त्यांत मी एक. हळदकुंकू, फुलं, तांदूळ, खण, नारळ, वर दूध, सगळं त्या निळ्या पाण्यात. फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे तलावावर गेले तर तलाव रिकामा. वन्संनी पहाटे पंप लावून सगळं पाणी वाडीतल्या झाडांना सोडलं होतं.

“माले, अगं पूजेचं पाणी ते.”

“म्हणून तर झाडांना घातलं. नाहीतर गटारात सोडणार होते.”

तेव्हापासून समितीला कळलं की तलाव बांधून झाला असला तरी डॉक्टरबाई काही सुटलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. खाणीत मुलं बुडून मरतात म्हणून तलाव बांधला. आता तलावातून टायफॉईड आणि कानाचा पू घरोघर जायला लागला तर आपण काय मिळवलं? म्हणून त्यांनी नियम केले. आत येताना पाय बुडतील असा एक उथळ हौद, त्यातूनच चालत यायचं. पाण्यात उतरण्याआधी नळाखाली साबण लावून अंघोळ. कुणी पहिली उडी मारण्याआधी पहाटे रखवालदारानं ब्लीचिंग पावडर पाण्यात घालायची, दुपारी पुन्हा घालायची. आणि पावडर लागू पडली की नाही हे कळायला एक पांढरी वाटी होती. तिच्यात तलावाचं पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे दोन-तीन थेंब टाकायचे. पाणी निळं झालं तर ठीक. पांढरंच राहिलं तर कुणी उतरायचं नाही. दवाखाना आटोपला की वन्सं दुपारी स्वतः जाऊन वाटी बघत.

पाय धुण्याच्या हौदाला कुणी हरकत घेतली नाही. बाहेरून आलं की पाय धुवायचे हे आपल्या अंगात असतंच. पण अंघोळीचा नियम काही केल्या माणसांच्या गळी उतरेना. जो तो म्हणे, “अहो, अंघोळीलाच तर चाललोय. अंघोळ करून अंघोळीला कशाला जायचं?” बायकांच्या वेळेची जबाबदारी शनिवार-रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत माझ्यावर होती. बायका नऊवारीचा कासोटा घट्ट मारून उतरत, पहिले कित्येक दिवस काठ सोडत नसत, पण एकदा सोडल्यावर घरी जायचं नाव काढत नसत. त्यांना नळाखाली उभं करायला मला फार त्रास पडला नाही. वर्गातल्या मुलींना सांगावं तसं सांगितलं, झालं. मुलांसाठी शेवंताबाई नेमली. धाकट्याला सोडायला ती रोज येतच असे. कपडे धुवायच्या साबणाची लांब वडी दोऱ्यानं कापून ती प्रत्येकाच्या हातात तुकडा देई आणि नळापाशी पदर खोचून उभी राही. तिच्या हातून न घासलेला पोरगा पाण्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. सभासद पुरुषांना मात्र कोण सांगणार? रावसाहेबांना नळाखाली उभं राहा म्हणायला रखवालदाराची जीभ रेटेना.

दुसऱ्या वर्षी डोळ्यांची साथ आली. आठवड्याभरात अर्ध्या मुलुंडचे डोळे लालभडक. हे काळा चष्मा लावून ऑफिसला जात आणि काळा चष्मा लावूनच जेवायला बसत. तलावातून साथ आली यात कुणाला शंका नव्हती, आणि कुणामुळे आली यातही नव्हती. ‘चाळीतली पोरं’ म्हणून लोक मोकळे झाले. समितीनं संध्याकाळची वेळ तात्पुरती बंद केली आणि ती कायमची बंद करायचा ठराव पुढच्या रविवारच्या सभेत यायचा होता. तलाव फक्त सभासदांचा होणार होता.

दोन दिवसांनी शेवंताबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. “धाकटो काल खाणीर गेल्लो,” ती म्हणाली. “मिया तेका मारलंय. पण रोज कितको मारतलंय?”

 ती गेल्यावर वन्सं मला म्हणाल्या, “वहिनी, उद्या शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चल. घरोघर जायचंय.”

“कशाला?”

“कुणाचे डोळे आधी आले ते विचारायला. मला कुणी खरं सांगत नाही, मी ओरडते. तुला सांगतील.”

मला सांगितलं. स्वयंपाकघरात जाऊन बसलं की बायका सगळं सांगतात. तीन संध्याकाळी आम्ही हिंडलो, आधी आमच्या बाजूच्या घरांतून, मग चाळींतून. आमच्या बाजूला प्रत्येक घरी तेच ऐकलं: आधी ह्यांचे आले, मग मुलांचे, मग माझे. चाळींत फारशी साथच नव्हती. जिथं होती तिथं मुलगा तलावावर जाणारा नव्हता. आई आमच्याकडच्या कुणाच्या तरी घरी धुणंभांडी करणारी होती. म्हणजे साथ आमच्याकडून तिकडे गेली होती, तिकडून आमच्याकडे आली नव्हती. वन्सं चक्रावल्या. पाणी तेच, तलाव तोच. पावडरीचा डबा त्यांनी उघडून पाहिला, ताजी होती. दुपारी वाटी पाहिली, झकास निळी. मग सकाळच्यांनाच का?

उत्तर आमच्या घरात, पाटावर बसून आमटीभात जेवत होतं.

मी भात वाढत होते. वन्संनी यांना सहज विचारलं, “सकाळी पाणी कसं असतं रे? गढूळ वगैरे?”

“छे छे. आमच्या वेळेचं पाणी सगळ्यात चांगलं. पावडरीचा वाससुद्धा नसतो.”

वन्संचा हात थांबला. “वास नसतो म्हणजे?”

“नसतो म्हणजे… आमचं झाल्यावर टाकतो ना तो.”

“कुणी सांगितलं त्याला?”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं. अगं, औषधाच्या पाण्यात बुडून आलं की ती काय अंघोळ झाली? घरी येऊन पुन्हा करायची, मग पूजा, मग जेवण, मग ऑफिस. जमायचं कसं? म्हणून म्हटलं, आमचं होऊ दे, मग टाक पावडर. एक-दोन तासांचा तर प्रश्न.”

“आणि नळाखाली?”

“नळाखाली कशाला? तलावातच करतो की. चांगली चोळून.”

“तेल लावून?”

“शनिवारी,” हे प्रामाणिकपणे म्हणाले.

वन्संनी काही क्षण आपल्या भावाकडे पाहिलं. काळ्या चष्म्यातून भाऊही त्यांच्याकडे पाहत होता. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “दादा, आदल्या दुपारच्या पावडरीचा जोर रात्रीपर्यंत संपतो. पहाटे त्या पाण्यात काही उरत नाही. तुम्ही सगळे बाप्ये रोज सकाळी एकमेकांच्या अंघोळीच्या पाण्यात अंघोळ करताय. आणि मग घरी येऊन देवाला फुलं वाहताय.”

हे तसेच पानावरून उठले. यांनी पान टाकून उठणं आमच्या संसारात त्याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वन्सं वाटी घेऊन तलावावर गेल्या. थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच. घरी आल्या त्या तापलेल्या. रविवारच्या सभेत वाटी सगळ्यांसमोर ठेवायची, कुणी काय केलं ते नावानिशी सांगायचं, दादाचं नाव पहिलं, असा त्यांचा बेत होता. मी पोळ्या लाटत होते. मी म्हटलं, “वन्सं, तुम्ही जिंकाल, पण तलाव हातचा जाईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे रावसाहेबांना गावासमोर घाणेरडं म्हटलंत की ते मान खाली घालून ऐकून घेतील, घरी जातील आणि तलावाला कुलूप लावतील. तुमचं खरं ठरेल आणि शेवंताबाईचा मुलगा खाणीवरच राहील.”

“मग काय, त्यांना सरबत पाजू?”

“त्यांची अडचण खोटी नाही एवढंच म्हणते. माणसाला पूजेआधी चांगल्या पाण्यानं अंघोळ हवी असते. ती कुठं करायची ते तुम्ही सांगितलंच नाहीत.”

वन्संना कुणी उत्तर दिलेलं आवडत नसे, आणि दिलं तर त्या ताबडतोब परतवत. त्या दिवशी परतवलं नाही. ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी माझ्या परातीतल्या पिठावर बोटानं तलाव काढला, आत येण्याचा रस्ता काढला, बाहेर जाण्याचा काढला. पीठ मला पुन्हा मळावं लागलं.

सभा शेठजींच्या वाडीतल्या ओसरीवर होती. ठरावाचा कागद रावसाहेबांच्या हातात. वन्सं मागे बसल्या होत्या, त्यांच्याजवळ वाटी नव्हती. ठराव वाचायच्या आधी हे उभे राहिले. यांना सभेत बोलायची सवय नाही, चिटणीस म्हणून वाचायचं ते वाचतात, तेवढंच. त्यांनी चष्मा काढला. डोळे अजून सुजलेले होते. “पावडर आपल्यानंतर टाकावी असं रखवालदाराला मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “साथ त्यामुळे आली. पोरांमुळे नाही. मालतीनं घरोघर जाऊन खात्री केलीय.”

 कुणीतरी खोकलं. मग रावसाहेब म्हणाले, “खांबेटे, तुम्ही एकट्यानं नाही सांगितलंत. मीच म्हटलं होतं.” आणि वन्संकडे वळून म्हणाले, “डॉक्टरबाई, आता तुम्ही आम्हाला बोलणार असाल तर बोलून घ्या.”

 वन्सं उठल्या. “बोलायचं नाहीये,” त्या म्हणाल्या. “एक नळ मागायचाय. आत शिरताना एक आहेच. बाहेर पडताना दुसरा पाहिजे, विहिरीच्या साध्या पाण्याचा, औषधाबिषधाशिवाय. आधीची अंघोळ दुसऱ्यांसाठी. नंतरची तुमच्या देवासाठी. मग घरी जाऊन करायला नको, थेट पूजेला बसा.”

ओसरीवर थोडी हसाहस झाली, आणि हसल्यावर माणसं जरा सैल झाली. एकानं विचारलं, “पण आधीचीला साबण लागेल?”

“लागेल.”

“रोज?”

“तुम्ही रोज येणार असाल तर रोज.”

ठरावाचा कागद रावसाहेबांनी घडी घालून खिशात ठेवला, तो पुन्हा काही बाहेर आला नाही. दुसरा नळ आठ दिवसांत बसला. पहिल्या दिवशी पहिल्या नळाखाली साबण घेऊन रावसाहेब स्वतः उभे राहिले, पंचा नेसून, सगळ्यांच्या देखत. त्यांनी तो अंगभर लावला आणि उभ्या असलेल्या मंडळींकडे बघून म्हणाले, “काय बघताय? मामलेदार आतून काही वेगळा असतो का?” त्याच संध्याकाळपासून चाळींतली मुलं पुन्हा यायला लागली. धाकट्यासह.

पुढचं सगळं त्या दोन नळांतून निघालं. घाटकोपरला एका मंडळाचा तलाव होता, तिथून बोलावणं आलं. मग अंधेरीहून, मग बोरिवलीहून. वन्सं रविवारी पिशवीत वाटी आणि बाटली टाकून निघत, मला बरोबर घेत. त्यांची पद्धत ठरलेली होती. समितीच्या पुरुषांशी बोलायच्या आधी आजूबाजूच्या घरांतल्या बायकांशी बोलायचं, इथं लोक अंघोळ कधी करतात, पूजा कधी, मुलं आत्ता कुठं पोहतात, हे विचारायचं. वर्सोव्याच्या कोळ्यांची मुलं खाडीत पोहणारी, त्यांना तलावाची गरजच काय, असं अंधेरीला कुणीतरी म्हणालं तेव्हा त्या मुद्दाम वर्सोव्याला जाऊन आल्या आणि ओहोटीची ओढ कशी असते ते कोळणींकडून ऐकून आल्या. मग प्रत्येक तलावावर दोन बायका निवडायच्या, त्यांना वाटी बघायला शिकवायचं, आणि मी सोप्या मराठीत मोठ्या अक्षरात एक पाटी रंगवून द्यायची. ‘पाणी निळं झाल्याशिवाय उतरू नये’ हे वाक्य मी इतक्या वेळा रंगवलं आहे की झोपेतही रंगवीन. ब्रश धरला की माझी बोटं आपोआप ‘पा’ काढतात.

सगळीकडे जमलं असं नाही. एका ठिकाणी, नाव घेत नाही, समितीनं आम्हाला चहा दिला, हार घातला, पाटी लावली आणि पावडरीचा डबा कुलपात ठेवला. पाणी स्वच्छ दिसतंय, उगाच औषध कशाला वाया घालवा, असं त्यांचं म्हणणं. वन्सं तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा भांडून आल्या आणि घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. त्या तलावावर गॅस्ट्रोची साथ आली, मग तलाव बंद पडला. आपलं खरं ठरलं याचा त्यांना जराही आनंद झाला नाही. “मुलं आता कुठं जात असतील?” एवढंच म्हणाल्या. खाण, विहीर, खाडी, एवढाच त्यांचा विचार. मला कधी कधी वाटे की त्या फळीवरच्या मुलाच्या छातीवरून त्यांनी हात काढलाच नव्हता.

प्रकृतीकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. डॉक्टर माणसं करतात. दम लागायला लागला तेव्हा म्हणाल्या, जिना चढले म्हणून. आमच्या घराला जिना नाही, हे मी दाखवून दिल्यावर म्हणाल्या, बोरिवली स्टेशनचा. मग पाय सुजले. शेवटचे चार महिने त्या घरातच होत्या, दवाखान्यात रस्त्याकडच्या खिडकीशी खाट टाकून. तलावाचं काम त्यांनी अंथरुणावरूनही सोडलं नाही; रखवालदार रोज खिडकीशी येऊन वाटी कशी झाली ते सांगे, आणि ‘बरी झाली’ म्हणाला तर ‘बरी हा रंग नाही’ म्हणून त्याला पुन्हा पाठवत. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचे केस विंचरून दिले. मला वाटलं, काही बोलतील, निरवानिरवीचं. त्या म्हणाल्या, “वहिनी, तुझा हात जड आहे गं.” मी म्हटलं, “इतकी वर्षं सांगितलं नाहीत.” त्या म्हणाल्या, “आज वेळ आहे.” हेच आमचं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी स्मशानातून माणसं परतली, तेव्हा ओट्यावर समितीची मंडळी बसून होती. रावसाहेब आता काठी घेऊन चालतात. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “तीन दिवस तलाव बंद ठेवावा म्हणतो. दुखवटा म्हणून. तसा फलक लावतो.” चांगल्या मनानं म्हणत होते. सगळ्यांनी माना हलवल्या. यांनीही हलवली.

मी म्हटलं, “आणि तीन दिवस पोरं कुठं जातील?”

मार्च सरत आला होता, ऊन तापलं होतं.  रावसाहेब काठीच्या मुठीवर हात टेकून उठले. “बरोबर आहे,” म्हणाले. “तलाव चालू राहील.” आणि त्या दुपारची पावडर पडली की नाही ते बघायला ते काठी टेकत स्वतः गेले.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं, म्हणून मी दवाखान्यात जाऊन बसले. तिथं कुणी नव्हतं. खाट रिकामी, खिडकी उघडी. बाहेर मुलांचे आवाज आले. अंथरूण धरल्यापासून वन्संनी एक नवीनच टूम काढली होती. तलावावर जाणाऱ्या मुलांनी वाटेत खिडकीशी थांबायचं, वाकून कान पुढं करायचा, आणि कानामागे मळ नाही असं त्यांनी बघितलं की पुढं जायचं. ज्याच्या कानामागे मळ, तो पुन्हा घरी. मला ते माहीत होतं, पण त्या वेळी मी शाळेतून आलेली नसे, रविवारी मागे स्वयंपाकघरात असे, त्यामुळे पाहिलं कधी नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. चाळीत बातमी पोचलेली असणारच; मुलं एरवीसारखी ओरडत नव्हती. पण खिडकीशी येऊन थांबली, आणि एकामागून एक वाकून त्यांनी रिकाम्या खाटेकडे कान केले. थोडं थांबायचं आणि पुढं जायचं. कुणी पाहणारं नाही हे त्यांना दिसत होतं.

मी उठून खिडकीशी गेले. चौथ्या का पाचव्या मुलाच्या कानामागे साबण तसाच राहिला होता. मी त्याला परत पाठवलं.